बांसवाडा आणि पंचमहाल, १९७४ : बुरशी लागलेल्या मक्याचं प्रकरण

१९७४ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजस्थानातल्या बांसवाडा आणि त्याला लागून असलेल्या गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यांत माणसं काविळीने आजारी पडू लागली. आधी थोडा ताप, अन्नावरची वासना उडालेली, मग डोळे पिवळे. इथपर्यंत डॉक्टरांना काही वेगळं वाटण्याचं कारण नव्हतं. पण या रुग्णांच्या पोटात झपाट्याने पाणी भरत होतं, पाय सुजत होते आणि धडधाकट माणूस काही आठवड्यांत दगावत होता. साथ ओसरेपर्यंत ३९७ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि त्यातले १०६ गेले. म्हणजे दर चार रुग्णांमागे एक मृत्यू. साध्या काविळीत असं होत नाही.

सगळे रुग्ण आदिवासी, बहुतेक भिल्ल, आणि सगळ्यांचं मुख्य अन्न मका. गावंही एकदोन नव्हती. दोन राज्यांतल्या शंभराहून जास्त गावांत एकाच सुमारास हे सुरू झालं होतं. आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची डोंगरवस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा मुलूख वेगळा सांगावा लागणार नाही. उताराची हलकी जमीन, पावसावरची शेती, एकमेकांपासून लांब विखुरलेली घरं आणि घरात पुढच्या पिकापर्यंत पुरवायचं एकच धान्य.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं, कारण भारतात धान्यातल्या बुरशीच्या विषाने थेट माणसं मेल्याचं इतकं नीट तपासलेलं दुसरं उदाहरण नाही. शिवाय त्यात वैद्यकीय तपास जितका आहे, तितकाच बाजार, भाव आणि भूकही आहे.

कावीळ म्हटली की पहिली शंका विषाणूची, दूषित पाण्याची. ती घ्यायलाच हवी होती. पण आजाराचा पसारा तिच्याशी जुळत नव्हता. पाण्यातून येणारी कावीळ एका विहिरीवरच्या, एका ओढ्यावरच्या लोकांना धरते आणि मग माणसागणिक पसरत जाते. इथे मैलोन्‌मैल लांबच्या गावांत रुग्ण जवळजवळ एकदमच दिसत होते, आणि त्याच टापूत मका न खाणारे लोक ठणठणीत होते. एका घरातले तिघे-चौघे आजारी आणि शेजारचं घर सुटलेलं, असंही होतं. पुरुष रुग्ण बायकांच्या जवळपास दुप्पट होते. आणि या घरांतली कुत्रीही अशीच पोट फुगून, पिवळी पडून मरत होती.

सगळ्या तपासात मला ही कुत्र्यांची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. माणसाच्या काविळीचा विषाणू कुत्र्याला होत नाही. कुत्रं आणि मालक एकाच आजाराने मरत असतील, तर दोघांच्या पोटात एकच गोष्ट गेलेली असणार, आणि दारातल्या कुत्र्याला मिळतो तो घरातलाच उरलेला रोटला. एवढा विचार केला की नजर पाण्यावरून धान्याकडे वळते. गावातल्या म्हाताऱ्याने ‘साहेब, कुत्रीपण मेली’ असं सांगितलं, तर ते कागदावर लिहून घेणारा माणूस तिथे असावा लागतो. या साथीत तो होता.

तपास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पथकाने केला. के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट, व्ही. नागराजन आणि टी. बी. जी. टिळक यांनी तो १९७५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. रुग्णांच्या घरांतून मक्याचे नमुने आणले गेले. त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी माजली होती. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्या विषाची ओळख जगाला होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले आणि त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीत ते सापडलं. तोवर बुरशी लागलेलं धान्य म्हणजे चव आणि वास बिघडलेलं धान्य, एवढीच समजूत शिकल्यासवरलेल्यांचीही होती.

आता आकडे पाहू. बांसवाडा-पंचमहालच्या दूषित मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. हे किती होतं, ते नुसतं वाचून कळत नाही. आज भारतात धान्यासाठी कायद्याने घालून दिलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे त्या घरांतला मका आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. कष्टाचं काम करणारा माणूस दिवसाकाठी साडेतीनशे-चारशे ग्रॅम मका सहज खातो. त्या हिशेबाने रोज दोन ते सहा मिलिग्रॅम विष पोटात जात होतं, आणि तेही एकदोन दिवस नव्हे, कित्येक आठवडे. यकृत हे विष निकामी करायला जातं आणि त्या खटपटीत त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं. ते यकृताच्याच पेशींना चिकटतं. म्हणून कावीळ, म्हणून पोटात पाणी.

पुरुष जास्त का, याचं पक्कं उत्तर देता येत नाही. घरातला कमावता पुरुष जास्त खातो हे खरंच, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत नर या विषाला जास्त बळी पडतात असंही दिसलं आहे.

मक्यात एवढं विष आलं कुठून? १९७२ नंतर १९७४चा पावसाळाही देशभर तुटीचा होता. महाराष्ट्राला ७२चा दुष्काळ आठवतो. गुजरात-राजस्थानला ७४चाही आठवतो. मक्याच्या ताटाला तुरा आणि कणीस येण्याच्या दिवसांत पाण्याची ओढ बसली की झाडाचा प्रतिकार ढिला पडतो. कणसात अळी शिरते, दाण्याचं साल फुटतं आणि मातीत कायमच असलेली ही बुरशी त्या जखमेतून आत जाते. उष्णता तिला मानवतेच. इतकं झालं तरी दाणा वाळला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण पीक काढणीला आलं आणि अवेळी पाऊस झाला. अगोदरच बाधलेली कणसं भिजली, तशीच घरात आली आणि न वाळता साठवली गेली. आधी दुष्काळ आणि मग नको तेव्हा पाऊस, यापेक्षा वाईट जोडी मक्याला नाही.

हे जवळून पाहायचं असेल तर परतीच्या पावसानंतर मका येणाऱ्या कुठल्याही बाजार समितीत जावं. व्यापारी ढिगाजवळ येतो, बाही सारून हात कोपरापर्यंत मक्यात खुपसतो आणि क्षणभर तसाच ठेवतो. वरचा दाणा उन्हाने कोरडा लागतो, पण आत ढीग गरम लागला की समजायचं, माल ओला आहे आणि आत काहीतरी वाढतं आहे. मग तो मूठभर दाणे काढून एक दाताखाली धरतो. कडक वाजला तर ठीक. दबला तर, ‘भाऊ, ओल आहे. डागी माल आहे, भाव तुटेल.’ शेतकरी म्हणतो, ‘शेठ, पावसानं काय केलं ते तुम्हीबी पाहिलंय. थोडं धरून घ्या.’ आता बहुतेक ठिकाणी ओलावा मोजायचं यंत्र आलं आहे, तरी हात घालायची सवय गेलेली नाही. चौदा टक्क्यांच्या वर ओलावा असलेला मका पोत्यात किंवा कणगीत टिकत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. असा एखादा दाणा तळहातावर घेऊन पाहिला तर टोकाकडे, जिथे कोंब असतो तिथे, हिरवट पिवळी भुकटी दिसते. बोटाने पुसली की जाते. आत उतरलेलं विष तिथेच राहतं. भुकटी अजिबात न दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं.

या डोळ्यांना न दिसण्याचा फरक मोठा आहे. बाजरीच्या कणसावरचा अरगट हा बुरशीचा रोग आपल्या शेतकऱ्याला ओळखू येतो. कणसातून चिकट मध गळतो, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी येतात आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या की त्या तरंगतात. जुन्या मुंबई राज्यात अरगटाच्या बाजरीने माणसं आजारी पडलेली आहेत, पण तिथे निदान उपाय शेतकऱ्याच्या हातात देता आला. अफ्लाटॉक्सिनला रंग नाही, वास नाही, चव नाही. तेव्हाच्या प्रयोगशाळेत धान्याचा अर्क काचपट्टीवर चढवून अतिनील दिव्याखाली धरायचे आणि निळसर किंवा हिरवट चमकणारे ठिपके पाहायचे. बांसवाड्याच्या झोपडीत तो दिवा कुठला असणार?

मग लोकांनी तो मका खाल्ला का? तपासणाऱ्यांनी कारणं दिली त्यात अवेळी पाऊस, सततचा दुष्काळ आणि साठवणुकीची वाईट सोय यांच्याबरोबर बुरशीच्या धोक्याबद्दलचं अज्ञानही आहे. नंतर जिथे जिथे या साथीचा उल्लेख झाला, तिथे बहुतेकांनी हे शेवटचं कारण पहिलं करून टाकलं. लोकांना कळत नव्हतं, लोकांना शिकवायला हवं. मला हे पटत नाही, आणि मूळ निबंधही एवढंच म्हणत नाही. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की आजार अतिशय गरीब लोकांपुरता मर्यादित होता आणि परिस्थितीने त्यांना हा खराब मका खायला भाग पाडलं होतं. काळवंडलेला, कुबट वासाचा मका चांगला नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणाऱ्या बाईला कळत नसेल हे मी मान्य करणार नाही. त्याने माणूस मरतो हे तिला माहीत नव्हतं. पण ते तर त्या वेळी देशातल्या फारच थोड्या डॉक्टरांना माहीत होतं.

तिच्यापुढे पर्याय काय होता, ते पाहायला हवं. १९७४ हे भडकलेल्या महागाईचं वर्ष. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गुजरातेत वसतिगृहाच्या खाणावळीच्या वाढलेल्या बिलावरून विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटलं आणि फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. अहमदाबादच्या विद्यार्थ्याला धान्याचा भाव परवडत नव्हता, त्या सालात पंचमहालच्या भिल्ल कुटुंबाने घरातला मका फेकून दुकानातून दुसरा आणावा, असं कोण म्हणणार? दुष्काळामुळे पीक आधीच निम्मंशिम्मं. त्यातलं काही देणेकऱ्याचं, काही बियाण्याचं. उरलेलं खायचं किंवा उपाशी राहायचं. अशा घरात ‘हे खाऊ नका’ हा सल्ला तेव्हाच उपयोगाचा, जेव्हा सल्ला देणाऱ्याच्या बैलगाडीत चांगल्या धान्याचं पोतं असतं.

स्वयंपाकाने हे विष जाईल ही आशाही खोटी होती. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंश सेल्सियसच्या वरची उष्णता लागते. तव्यावर रोटल्याची वरची बाजू करपते तेव्हाही आतला भाग पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच असतो. कण्या शिजवल्या, घाट्याला चार उकळ्या आणल्या, तरी विष जवळजवळ तसंच. खरा फरक पडतो तो पाखडण्याने आणि निवडण्याने. फुटके, किडके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे हाताने काढले तर विषाचा मोठा वाटा निघून जातो, कारण ते सगळ्या ढिगात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते ठासून भरलेलं असतं. दाण्याच्या सालात आणि कोंबातही ते जास्त असतं. आजीच्या हातातलं सूप हे या बाबतीत खरोखर औषध आहे. पण निवडून टाकलेले दाणे जातात कुठे? कोंबड्यांना, गुरांना, कुत्र्याला. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा एक अंश दुधातून परत येतो. म्हणून तर दुधासाठीही वेगळी मर्यादा घालावी लागली. आणि घरात दहा पायल्यांतल्या सहाच निवडून उरणार असतील, तर सूप किती वेळा मारायचं हेही भूक ठरवते.

बांसवाडा-पंचमहालचा मका मुख्यतः घरचा, स्थानिक होता. बाजार मध्ये आला की काय होतं, ते तीस वर्षांनी केनियात दिसलं. २००४च्या पहिल्या सहामाहीत पूर्व केनियातल्या माकुएनी आणि कितुई भागात अशीच कावीळ आली. ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. पुन्हा मका, पुन्हा दुष्काळी टापू, पुन्हा ओलसर धान्य घरात साठवलेलं. या वेळी तपासणाऱ्यांनी बाजारही तपासला. ६५ बाजारपेठांतून मक्याचे आणि पिठाचे ३५० नमुने घेतले, तेव्हा ५५ टक्के नमुने केनियाच्या तेव्हाच्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेर निघाले. ३५ टक्के नमुन्यांत शंभरावर होतं आणि ७ टक्क्यांत हजारावर. शेतकऱ्याने नड भागवायला विकलेला मका दुकानात जात होता आणि ज्याच्या घरचा संपला होता, तो हाच मका विकत आणत होता. घरचा टाकून बाजारचा घेतला, तर जीव वाचेल याची खात्री नव्हती. तिथल्या सरकारने लोकांना बदली धान्य वाटलं आणि दूषित साठे ताब्यात घेतले. पंचमहालच्या गोष्टीत जे पोतं नव्हतं, ते इथे उशिरा का होईना आलं. केनियाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या अंगात हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू आधीच होता, ते जास्त बळी पडले. हा विषाणू आणि हे विष यांची जोडी यकृताच्या कर्करोगातही माणसाचा घात करते. म्हणजे ज्या वर्षी साथ येत नाही, त्या वर्षीही थोडं थोडं विष आपलं काम करत असतंच. ते मोजायला कोणी गावात येत नाही, कारण तेव्हा माणसं एकदम मरत नाहीत.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातल्या गावांत, पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्याची भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले. विष वेगळं होतं, फ्युमोनिसिन. ते धान्य बंद केल्यावर लोक बरे झाले. पण बाधित कोण, तर पुन्हा तीच घरं, ज्यांना भिजलेलं धान्य बाजूला ठेवणं परवडत नव्हतं. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडून काळी पडते, हे मराठवाडा-विदर्भातल्या माणसाला कोणी सांगायला नको. ती काळी ज्वारी मातीमोल भावाने विकली जाते. आणि मातीमोल भावाचं धान्य कोणाच्या ताटात जातं, हा प्रश्न भाव ठरवताना कोणी विचारत नाही.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. धान्य खराब झालं म्हणून ते नाहीसं होत नाही, त्याचा भाव उतरतो. निर्यातीच्या मालाची तपासणी होते, कारण युरोपची मर्यादा आपल्याहून खूप कडक आहे आणि तिथून माल परत येतो. स्टार्चचा कारखाना नमुना घेतो. मोठा कोंबडीखाद्यवाला नमुना घेतो, कारण विषारी मक्याने कोंबडी मरते आणि त्याचा तोटा त्याला त्याच महिन्यात दिसतो. या प्रत्येक दारातून नाकारलेलं पोतं एक पायरी खाली उतरतं. सर्वांत खालच्या पायरीवर तपासणी नसते, तिथे फक्त गिऱ्हाईक असतं. कायद्यातली १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा विक्रीच्या धान्याला आहे. स्वतःच्या शेतातलं खाणारा, मजुरीच्या बदल्यात धान्य घेणारा आणि आठवडी बाजारात पायलीने उतरता माल घेणारा यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. शिवाय विष ढिगात विखुरलेलं असल्यामुळे एका पोत्यातला एक नमुना चांगला निघाला, याला फारसा अर्थ नसतो. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांहून, वरून, मधून, तळातून धान्य काढून एकत्र दळावं आणि मग तपासावं लागतं. तालुक्याच्या गावात हे कोण करतं?

काढणीच्या वेळी पाऊस पडला की पिकाचे पंचनामे होतात, नुकसान एकरी मोजलं जातं आणि भरपाई ठरते. भिजलेलं पीक मात्र शेतकऱ्याकडेच राहतं. त्यातला मका-ज्वारी खाण्याजोगी आहे का, हे त्याच पंचनाम्यात पाहावं, नसेल तर ते धान्य योग्य भावाने उचलून इथेनॉलसारख्या कामाला लावावं आणि त्या घराला रेशनमधून तेवढंच चांगलं धान्य द्यावं. हे अशक्य नाही. पंचनामा करायला माणूस शेतात जातोच.

बांसवाडा-पंचमहालमध्ये पुढच्या वर्षी, १९७५ साली, पुन्हा नमुने घेतले गेले. मक्यात विष अगदी कमी निघालं आणि साथ आली नाही. एका वर्षात ना कणग्या बदलल्या असतील, ना माणसांच्या हातात जास्त पैसे आले असतील. त्या वर्षी मका वाळून घरात आला असावा, एवढंच.